निकोलाय बर्नश्टाइन

निकोलाय अलेक्सांद्रोविच बर्नश्टाइन (जन्म : मॉस्को, ५ नोव्हेंबर १८९६, - मॉस्को, १६ जानेवारी १९६६) हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. माणसाच्या हालचालींचे सूक्ष्म मोजमाप करण्याच्या पद्धती त्यांनी विकसित केल्या आणि त्या मोजमापांच्या आधारे हालचालींचे नियंत्रण मेंदू कसे करतो, याविषयीचा एक नवा सिद्धान्त मांडला. आज जगभरातील क्रीडाप्रशिक्षक खेळाडूचे चित्रीकरण करतात, त्याच्या सांध्यांवर खुणा लावून प्रत्येक क्षणाचे कोन आणि वेग काढतात, आणि त्यावरून तंत्रात सुधारणा सुचवतात. या सर्व खटाटोपाला ज्यांच्या संशोधनाचा भक्कम पाया लाभला, त्यांत बर्नश्टाइन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

मात्र त्यांचे महत्त्व केवळ मोजणीच्या साधनांत नाही. एखाद्या क्रियेची एकच आदर्श पद्धत असते, ती शोधून काढावी आणि घोकंपट्टी करून अंगवळणी पाडावी, ही समजूत त्यांच्या काळी सार्वत्रिक होती. या समजुतीला त्यांनी आपल्याच मोजमापांनी धक्का दिला. निष्णात माणूस एकच क्रिया हजारो वेळा करतो, तरी त्याच्या दोन हालचाली कधीही तंतोतंत सारख्या नसतात, हे त्यांनी दाखवून दिले. या एका निरीक्षणाचा अर्थ लावण्यात त्यांचे उर्वरित आयुष्य गेले, आणि त्याची मोठी किंमतही त्यांना मोजावी लागली.

घराणे आणि शिक्षण

बर्नश्टाइन यांचा जन्म ज्यू वंशाच्या विद्याव्यासंगी घराण्यात झाला. त्यांचे आजोबा नातान बर्नश्टाइन हे ओडेसा येथील वैद्य व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. वडील अलेक्सांद्र हे मॉस्कोतील मनोविकारतज्ज्ञ, तर काका सेर्गेय नातानोविच बर्नश्टाइन हे विख्यात गणिती होते. गणितात ज्यांना बर्नश्टाइन बहुपदी म्हणतात, त्या या काकांच्या नावाने ओळखल्या जातात. वैद्यक आणि गणित या दोन्ही विद्यांचे संस्कार पुतण्यावर घरातच झाले. पुढे हालचालींचे आलेख काढताना आणि त्यांचे गणिती विश्लेषण करताना या दुहेरी वारशाचा त्यांना उपयोग झाला. निकोलाय यांना संगीताची उत्तम जाण होती. ते पियानो वाजवीत. यंत्रे आणि पूल यांचेही त्यांना विलक्षण आकर्षण होते.

इ.स. १९१४ मध्ये मॉस्को विद्यापीठात त्यांनी प्रथम इतिहास व भाषाशास्त्र या शाखेत प्रवेश घेतला होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते वैद्यकाकडे वळले. १९१९ मध्ये पदवी मिळाल्यानंतर यादवी युद्धाच्या काळात त्यांनी लाल सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले.

हातोडीचा घाव

१९२२ मध्ये बर्नश्टाइन मॉस्कोतील केंद्रीय श्रम संस्थेत दाखल झाले. या संस्थेचे संस्थापक अलेक्सेय गास्तेव हे मूळचे धातुकामगार, कामगार चळवळीतील कार्यकर्ते आणि कवी. अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांच्या श्रमव्यवस्थापनाच्या विचारांनी ते भारावून गेले होते. क्रांतीनंतरच्या रशियात खेड्यांतून कारखान्यांत येणाऱ्या लक्षावधी अननुभवी हातांना थोड्या दिवसांत कुशल करायचे होते. हातोडीने छिन्नीवर घाव घालणे यासारख्या साध्या क्रियेचे बारीक विश्लेषण करावे, तिची सर्वांत काटकसरीची रीत निश्चित करावी आणि प्रत्येक कामगाराला तीच शिकवावी, असा गास्तेव यांचा कार्यक्रम होता. शिकाऊ उमेदवाराला लय अंगवळणी पडावी म्हणून यंत्राने हलणारी हातोडी त्याच्या हाती देण्यापर्यंत या प्रयोगांची मजल गेली होती.

हे विश्लेषण करण्याची जबाबदारी बर्नश्टाइन यांच्याकडे आली. हालचालींचे छायाचित्रण तेव्हा नवे नव्हते. एडवर्ड मायब्रिज यांनी अमेरिकेत घोड्यांची आणि माणसांची क्रमचित्रे घेतली होती. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी एकाच काचेवर धावणाऱ्या माणसाच्या अनेक स्थिती टिपल्या होत्या. जर्मनीत विल्हेल्म ब्राउने आणि ओटो फिशर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाच्या चालण्याचा त्रिमितीय अभ्यास केला होता. पण त्या अभ्यासाची तयारी इतकी किचकट होती, की एका माणसाच्या अंगावर दिव्यांच्या नळ्या बसवण्यातच कित्येक तास जात. साहजिकच तपासलेली पावले मोजकीच राहिली.

बर्नश्टाइन यांनी ही पद्धत सुटसुटीत आणि अधिक अचूक केली. कामगाराच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर आणि हातोडीवर बारीक विजेचे दिवे लावत. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे छिद्रे असलेली एक तबकडी वेगाने फिरे. त्यामुळे प्रत्येक दिव्याची वाट काचेवर अखंड रेषेऐवजी ठिपक्यांच्या ओळीने उमटे. ठिपके जिथे दाट तिथे गती मंद, जिथे विरळ तिथे गती अधिक. सूक्ष्मदर्शकाखाली या ठिपक्यांमधील अंतरे मोजून वेग, वेगातील बदल आणि त्यावरून सांध्यांवर काम करणारी बले काढता येत. तीच क्रिया पुन्हा पुन्हा घडताना ठिपके एकमेकांवर पडून गोंधळ होई, म्हणून त्यांनी फिल्म सावकाश सरकत राहील अशी व्यवस्था केली. चौकटीत एक आरसा तिरपा ठेवून एकाच चित्रात हालचालीची दोन रूपे मिळवली आणि त्यांवरून तिसरी मिती काढली. संगणक नसलेल्या त्या काळात हा सगळा हिशेब हातानेच होत असे.

या मोजणीतून जे हाती आले, ते संस्थेच्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. अनुभवी कामगाराची हातोडी प्रत्येक वेळी छिन्नीच्या डोक्यावर बिनचूक पडत होती. परंतु त्याच्या खांद्याने, कोपराने आणि मनगटाने घेतलेल्या वाटा दर घावाला थोड्या थोड्या बदलत होत्या. आणखी लक्षणीय गोष्ट अशी, की हातोडीच्या टोकाच्या मार्गात जितका फरक पडे, त्यापेक्षा अधिक फरक सांध्यांच्या हालचालींत आढळे. खांद्याकडून झालेली किंचित कमीअधिक हालचाल कोपर आणि मनगट सावरून घेत होते. एकच आदर्श वाट शोधायला निघालेल्या संशोधकाला अशी एक वाट अस्तित्वातच नसल्याचे दिसले. तरीही काम अचूक होत होते, आणि खरे कोडे तेच होते.

बर्नश्टाइन या संस्थेत फार काळ राहिले नाहीत. १९२५ च्या सुमारास त्यांनी ती सोडली. (गास्तेव यांना १९३८ मध्ये अटक झाली आणि पुढील वर्षी गोळ्या घालून ठार करण्यात आले.) १९२६ मध्ये बर्नश्टाइन यांचे 'सामान्य जैवयामिकी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

मुक्ततेच्या मात्रांचा प्रश्न

हातोडीच्या कोड्यातून बर्नश्टाइन यांनी जो प्रश्न मांडला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो समजण्यासाठी आपल्या हाताकडेच पाहावे. खांद्याचा सांधा तीन प्रकारे फिरतो. कोपर वाकते आणि त्याखालचा हात पालथा-उताणा होतो, म्हणजे आणखी दोन प्रकार. मनगट दोन दिशांना वळते. बोटे सोडून दिली तरी हे सात स्वतंत्र प्रकार झाले. या प्रत्येकाला यामिकीच्या परिभाषेत मुक्ततेची एक मात्रा म्हणतात. आता तळहात अवकाशातील एका विशिष्ट जागी, विशिष्ट दिशेने ठेवायचा असेल, तर सहा मात्रा पुरतात. म्हणजे हाताजवळ गरजेपेक्षा अधिक मोकळीक आहे आणि एकच उद्दिष्ट असंख्य मार्गांनी साधता येते. तळहात टेबलावर स्थिर ठेवूनही कोपर वरखाली करता येते, हा या जादा मोकळिकीचा पुरावा कोणालाही घरबसल्या पाहता येईल. सगळे शरीर विचारात घेतले, तर ही संख्या पार वाढते. या अवाढव्य मोकळिकीला मेंदू आवर कसा घालतो, हा तो प्रश्न होय.

त्यात आणखी एक अडचण आहे. स्नायू म्हणजे दोरी ओढणारा गडी नव्हे. तो स्प्रिंगसारखा आहे. तो किती ताणलेला आहे आणि किती वेगाने आखडत आहे, यावर त्याचे बल अवलंबून असते. शिवाय एक सांधा हलला की त्याचा धक्का शेजारच्या सांध्यांना बसतो, आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ हाताच्या स्थितीप्रमाणे बदलत राहते. त्यामुळे मेंदूने स्नायूला नेमका तोच हुकूम दोनदा दिला, तरी परिणाम दोन वेळा वेगवेगळा होईल. तोच परिणाम पुन्हा हवा असेल, तर हुकूम बदलावा लागेल. १९३५ मध्ये हालचालींची सुसूत्रता आणि त्यांची मेंदूतील स्थाने यांच्या संबंधावर लिहिलेल्या लेखात त्यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला.

यातून निष्कर्ष असा निघाला, की हालचाल सुरू असतानाच स्नायू, सांधे, त्वचा, डोळे यांच्याकडून तिची खबर मेंदूला मिळत राहिली पाहिजे आणि मेंदूने तीत क्षणोक्षणी दुरुस्ती केली पाहिजे. हुकूम खाली जातो, खबर वर येते आणि वर्तुळ पुरे होते. नॉर्बर्ट वीनर यांचा सायबरनेटिक्सवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला १९४८ मध्ये. बर्नश्टाइन यांनी या वर्तुळाची कल्पना त्याआधी दशकाहून अधिक काळ मांडलेली होती.

हस्ताक्षराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वहीत लिहिताना बोटे आणि मनगट चालतात, फळ्यावर मोठे लिहिताना खांदा आणि कोपर. स्नायू निराळे, सांधे निराळे, तरी अक्षराचे वळण ओळखू येते. मेंदूत साठवलेला असतो तो अमुक स्नायू इतका आखडा हा हुकूम नसून अक्षराचा आकार असतो, असे अनुमान बर्नश्टाइन यांनी यावरून काढले. ज्यांनी आयुष्यभर खडू आणि लेखणी दोन्ही हाताळली आहेत, त्यांना हे पटायला प्रयोगशाळेची गरज पडू नये.

पियानोवादक, बालके आणि धावपटू

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नश्टाइन यांनी सहकारी तत्याना पोपोवा यांच्यासह पियानोवादकांच्या हातांचा अभ्यास केला. त्याचा वृत्तान्त जर्मन भाषेतही प्रसिद्ध झाला. वादनाचा वेग वाढवला की जुनीच हालचाल केवळ जलद होत नाही. तिची घडणच बदलते, असे त्यांना दिसले. संथ गतीत प्रत्येक आघात सुटा असतो, जलद गतीत हात एका सलग आंदोलनात सापडतो. क्रीडाशिक्षणात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. एखादी उडी किंवा फेक सावकाश करवून घेतली म्हणजे तीच क्रिया सोपी करून शिकवली, असे प्रशिक्षकाला वाटते. वास्तविक तो कदाचित दुसरीच क्रिया शिकवत असतो.

चालणे आणि धावणे हे त्यांच्या संशोधनाचे सर्वांत विस्तृत क्षेत्र. नुकती चालू लागलेली बालके, मोठी मुले, प्रौढ आणि वृद्ध अशा सर्व वयांतील माणसांची पावले त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपली. प्रौढ माणसाच्या पायावर काम करणाऱ्या बलाचा आलेख काढला, तर एका पावलात अनेक लहानमोठे चढउतार दिसतात आणि ते एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. लहान मुलाच्या आलेखात त्यांतील बहुतेक गायब असतात. ते वर्षानुवर्षे एकेक करून प्रकट होतात. बाहेरून पाहणाऱ्याला मूल दोन वर्षांचे झाले की चालायला शिकले असे वाटते, पण आतील बांधणी पुढे कित्येक वर्षे चालू असते.

१९३० च्या दशकात मॉस्कोतील शारीरिक शिक्षणाच्या केंद्रीय संशोधन संस्थेत त्यांनी नामांकित धावपटूंचा अभ्यास केला. त्यांत फ्रान्सचा ज्यूल लादुमेग हाही होता. लादुमेगने १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले होते आणि १९३० मध्ये हेच अंतर ३ मिनिटे ५० सेकंदांच्या आत धावणारा तो जगातील पहिला धावपटू ठरला होता. पैसे घेऊन धावल्याच्या आरोपावरून १९३२ मध्ये त्याच्यावर बंदी आली. डौलदार धावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या धावपटूचे पाऊल बर्नश्टाइन यांच्या कॅमेऱ्याने ठिपक्याठिपक्याने उलगडले. चालणे, धावणे आणि उडी यांवरील हे संशोधन १९४० मध्ये ग्रंथरूपाने आले.

या अभ्यासातून प्रशिक्षकाने काय घ्यावे? धावपटूच्या छायाचित्रात गुडघा अमुक उंचीवर दिसतो, म्हणून नवशिक्याला गुडघा तितका उचलायला सांगणे व्यर्थ ठरू शकते. कारण ती उंची धावपटूने मुद्दाम साधलेली नसते. मांडीच्या हालचालीचा जो धक्का पायाच्या खालच्या भागाला बसतो, त्याचा तो परिणाम असतो. एका सांध्याला दिलेली सूचना संपूर्ण साखळीवर परिणाम करते. दिसणारी अंगस्थिती आणि ती घडवणारे बल यांत फरक करणे, ही या संशोधनाने प्रशिक्षकांना दिलेली सर्वांत व्यवहार्य शिकवण म्हणावी लागेल.

पावलॉव्ह यांच्याशी मतभेद

इव्हान पावलॉव्ह हे तेव्हा सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्राचे अध्वर्यू होते. नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले रशियन. बाह्य उद्दीपक आणि त्याला मिळणारा प्रतिसाद यांच्या साखळ्यांतून प्राण्याचे वर्तन घडते, हे त्यांच्या सिद्धान्ताचे सार. बर्नश्टाइन यांच्या दृष्टीने हे चित्र अपुरे होते. प्राणी नुसता प्रतिसाद देत नाही. तो काहीतरी साधू पाहतो, आणि जे साधायचे आहे त्याचे चित्र आधी मनाशी धरतो. टाचणी टोचताच झटकन मागे येणारा हात आणि भाला फेकणारा हात एकाच नियमाने समजावता येत नाहीत.

हे विचार मांडणारे एक पुस्तक त्यांनी लिहिले. त्याची जुळणीही झाली होती. तेवढ्यात २७ फेब्रुवारी १९३६ रोजी पावलॉव्ह यांचे निधन झाले. ज्यांना उत्तर देता येणार नाही, त्यांच्यावर टीका करणे बर्नश्टाइन यांना रुचले नाही, आणि त्यांनी प्रकाशन थांबवले. विद्वानांच्या वादात असा संयम क्वचितच आढळतो.

हालचालींच्या पातळ्या

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे असंख्य प्रश्न पुढे आले. मेंदूला किंवा हातापायांना इजा झालेली माणसे गमावलेली हालचाल पुन्हा कशी मिळवतात, यावर सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ काम करत होते आणि त्यांना बर्नश्टाइन यांच्या विचारांची मदत झाली. १९४६ मध्ये ते सोव्हिएत वैद्यकविज्ञान अकादमीचे संलग्न सदस्य निवडले गेले. १९४७ मध्ये त्यांचा प्रमुख ग्रंथ 'हालचालींच्या रचनेविषयी' प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये त्याला स्तालिन पारितोषिक मिळाले.

या ग्रंथात त्यांनी हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पाच पातळ्या कल्पिल्या. सर्वांत खालची पातळी स्नायूंचा ताण आणि शरीराचा तोल सांभाळते. तिच्या वरची अनेक स्नायूंना एका तालात गुंफते. तिसरी पातळी भोवतालच्या अवकाशाशी जुळवून घेते. धावणे, उडी मारणे, नेम धरून फेकणे ही तिची कामे. चौथी वस्तूंशी अर्थपूर्ण व्यवहार करते, ज्यात एकापुढे एक अनेक कृती ओवाव्या लागतात. बूट बांधण्यापासून मुष्टियुद्धापर्यंत अनेक गोष्टी तीत मोडतात. पाचवी पातळी बोलणे, लिहिणे आणि कलाविष्कार यांची. प्रत्येक क्रियेत एक पातळी पुढारी असते आणि खालच्या पातळ्या पडद्यामागून तिला साहाय्य करतात. आपल्याला जाणीव असते ती फक्त पुढारी पातळीची.

एखादी गोष्ट हातात बसते, म्हणजे काय होते, याचा उलगडा या मांडणीने होतो. शिकण्याच्या आरंभी सगळा भार पुढारी पातळीवर असतो, म्हणून नवशिक्या प्रत्येक बारकाव्याकडे लक्ष देऊन दमून जातो. तो सांधे आवळून धरतो. सायकल शिकणारा हँडल घट्ट पकडून सर्वांग ताठ करतो, ते यामुळेच. मोकळीक कमी करून प्रश्न सोपा करण्याचा तो एक उपाय असतो. सराव होत जातो तसे हे आवळलेले सांधे सुटतात. शेवटी शरीराच्या अवयवांचे परस्परांना बसणारे धक्के आणि गुरुत्वाकर्षण यांच्याशी झगडण्याऐवजी कुशल माणूस त्यांनाच कामाला लावतो. दरम्यान बारीकसारीक दुरुस्त्यांचा भार खालच्या पातळ्या उचलू लागतात. हे हस्तांतर बहुधा एकाएकी होते. कित्येक दिवस पोहणे जमत नाही आणि एका सकाळी पाणी जणू स्वतःच उचलून धरते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. मधल्या काळात प्रगती थांबलेली दिसली, तरी प्रशिक्षकाने धीर सोडू नये, असे यावरून म्हणता येते.

याच मांडणीतून आणखी एक धोका स्पष्ट होतो. खालच्या पातळीवर सोपवलेली गोष्ट जाणीवपूर्वक पाहायला गेले, की घडी विस्कटते. जिना उतरताना पावलांचा विचार करू लागलेला माणूस अडखळतो. स्पर्धेच्या ऐन वेळी खेळाडूला मनगटाचा कोन सांगणारा प्रशिक्षक अशीच अडचण निर्माण करत असतो.

सरावाविषयी बर्नश्टाइन यांची भूमिका या सर्वांहून मूलगामी होती. पुन्हा पुन्हा केल्याने मेंदूत पायवाट पडते, ही उपमा त्यांना साफ अमान्य होती. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. नवशिक्याच्या आरंभीच्या हालचाली चुकीच्या आणि ओबडधोबड असतात. सरावाने त्या मेंदूत कोरल्या जात असत्या, तर माणूस चुकाच पक्क्या करत गेला असता आणि कधीच सुधारला नसता. ज्या अर्थी तो सुधारतो, त्या अर्थी सरावात दुसरेच काहीतरी घडत असले पाहिजे. प्रत्येक वेळी तो तयार उत्तर पुन्हा न लिहिता गणित नव्याने सोडवतो, आणि सोडवण्याची रीत पक्की होत जाते. पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती, असे या कल्पनेचे वर्णन केले जाते. म्हणूनच बदलत्या परिस्थितीत केलेला सराव एकसुरी कवायतीपेक्षा अधिक फळ देतो, असे त्यांचे अनुयायी मानतात.

हद्दपार विद्वत्ता

स्तालिन पारितोषिकाचा मान दोन वर्षेही पुरला नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघात परदेशी विचारांपुढे मान तुकवणाऱ्या विद्वानांविरुद्ध मोहीम सुरू झाली होती. तिचा रोख विशेषतः ज्यू विद्वानांवर होता. बर्नश्टाइन यांच्या ग्रंथात पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचे उल्लेख भरपूर आणि पावलॉव्ह यांचा जयजयकार मात्र नाही, हा गुन्हा ठरला. जून-जुलै १९५० मध्ये विज्ञान अकादमी आणि वैद्यकविज्ञान अकादमी यांचे संयुक्त अधिवेशन मॉस्कोत भरले. त्यात पावलॉव्ह यांचा सिद्धान्त हाच शरीरक्रियाशास्त्राचा एकमेव अधिकृत मार्ग ठरवण्यात आला. पावलॉव्ह यांच्या हयातीत त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू इच्छिणाऱ्या संशोधकाला आता त्यांच्या नावाने बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनी गप्प बसवले. बर्नश्टाइन यांची प्रयोगशाळा गेली. वयाच्या चौपन्नाव्या वर्षानंतर त्यांना प्रयोग करण्याची संधी पुन्हा मिळाली नाही. परदेशी शास्त्रीय लेखांचे सारांश लिहून ते उपजीविका करू लागले.

याच धामधुमीत त्यांचे आणखी एक पुस्तक बळी गेले. खेळाडू, प्रशिक्षक आणि सामान्य वाचक यांच्यासाठी त्यांनी 'चापल्य आणि त्याचा विकास' हे सुबोध पुस्तक लिहिले होते. चापल्य म्हणजे नुसती चपळाई असे ते मानत नसत. अनपेक्षित प्रसंगी अचूक, झटपट आणि नेमकी हालचाल शोधून काढण्याची शक्ती, असा अर्थ त्यांना अभिप्रेत होता. सपाट मार्गावर धावणाऱ्याला चापल्य फारसे लागत नाही, तोच धावपटू खाचखळग्यांच्या रानातून पळू लागला की लागते. या पुस्तकाची छपाईची जुळणी झाल्यावर मोडून टाकण्यात आली.

अखेरची वर्षे

स्तालिन यांच्या मृत्यूनंतर, विशेषतः १९५० च्या दशकाच्या शेवटी, सायबरनेटिक्सवरील बंधने सैल झाली आणि तरुण गणिती व अभियंत्यांना बर्नश्टाइन यांचा नव्याने शोध लागला. गणिती इझ्राईल गेलफांड, मिखाईल त्सेटलिन आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हिक्टर गुरफिंकेल यांच्या वर्तुळात त्यांचे विचार पुढे नेले गेले. प्रयोगशाळा नसली तरी लेखणी थांबली नव्हती. या काळात त्यांनी क्रियाशीलतेचे शरीरक्रियाशास्त्र अशी नवी विचारदिशा मांडली. सजीव हा परिस्थितीचा बाहुला नसून, अजून अस्तित्वात न आलेल्या पण त्याला हव्या असलेल्या भविष्याकडे पाहून वागतो, हा तिचा गाभा.

आपल्याला यकृताचा कर्करोग झाल्याचे निदान त्यांनी स्वतःच केले आणि ते कोणाला न सांगता उरलेले दिवस लेखनासाठी राखून ठेवले, असे त्यांचे निकटवर्तीय सांगत. १६ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. हालचाल व क्रियाशीलता यांवरील त्यांच्या निबंधांचा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

प्रभाव आणि मर्यादा

१९६७ मध्ये त्यांच्या निवडक लेखांचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि पाश्चात्त्य संशोधकांना त्यांची खरी ओळख झाली. पुढील दोन दशकांत हालचालींच्या शास्त्रात मुक्ततेच्या मात्रांचा प्रश्न मध्यवर्ती ठरला. क्रीडाशिक्षण, अपंगांचे पुनर्वसन आणि यंत्रमानवशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत आज त्यांचे नाव घेतले जाते.

त्यांची प्रत्येक गोष्ट टिकली असे मात्र नाही. पातळ्यांना मेंदूतील ठरावीक भाग नेमून देण्याचा त्यांचा प्रयत्न आज कालबाह्य वाटतो. नवशिक्या आधी सांधे आवळतो आणि मग सोडतो, हा क्रम काही क्रियांत दिसून आला, तर काहींत उलट चित्र आढळले. सर्व क्रियांना तो सरसकट लावणाऱ्या प्रशिक्षणपुस्तिकांबाबत वाचकाने सावध राहिलेले बरे. दुसरीकडे, कॅमेरे स्वस्त झाल्यावर खेळाडूच्या शेजारी विजेत्याची चित्रफीत लावून दोघांतील फरक मिटवत बसण्याची पद्धत रूढ झाली आहे. हातोडीचा घाव मोजणाऱ्या संशोधकाने हे साधन घडवायला हातभार लावला खरा, पण त्याच्या निष्कर्षांशी हा वापर मुळीच जुळत नाही.

जुळणी मोडलेले चापल्यावरील पुस्तक नष्ट झाले नव्हते. त्याची एक प्रत शिल्लक होती. बर्नश्टाइन यांचे स्नेही आणि अनुयायी इओसिफ फेगेनबर्ग यांच्या प्रयत्नांनी ते १९९१ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, रशियन भाषेत प्रसिद्ध झाले आणि १९९६ मध्ये इंग्रजीत आले. पावलॉव्ह यांच्या निधनामुळे १९३६ मध्ये थांबवलेल्या पुस्तकाला मात्र २००३ साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली.